मोहाच्या झाडाचा नकाशा

धानोऱ्याकडच्या जंगलातल्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो तेव्हा माझा राग नाकाच्या शेंड्यावर असे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका प्रशिक्षणातून मी नवं खूळ घेऊन आलो: संकल्पना नकाशा. मुलांनी गोलात शब्द लिहायचे, ते रेघांनी जोडायचे आणि त्यांचं नातं काय ते रेघेवर लिहायचं. पोराला काय आणि कसं समजलंय ते म्हणे कागदावर दिसतं. हेडमास्तर म्हणाले, "भाऊ, पोरं पाढे इसरून राह्यले अन् तुमी जाळे इणून राह्यले."

सातवीत एक मुलगी होती. घरी गोंडी बोलायची. तोंडी परीक्षेत मराठीत विचारलं की मान खाली. लेखीतही जेमतेमच. नापास झाली तर घरी बसवीन, असं बापाने बजावून ठेवलं होतं. तोंडीचे गुण माझ्या हातात होते. मी प्रश्न बाजूला ठेवले, तिच्यापुढे कागद सरकवला आणि झाडाचा नकाशा काढ म्हटलं.

माझं उत्तर तयार होतं: सूर्य, पान, पाणी, अन्न. तिने मधोमध मोह काढला. भोवती अस्वल, आजी, आग, बाजार, शाळा. 'आगीमुळे फूल भेटते' हे वाचून मी तांबड्या पेनाने काट मारली.

"आगीनं झाड जळतं की फूल मिळतं?" मी खेकसलो.

"झाडाले नाई लावत, गुरुजी," ती हळूच म्हणाली. "खालचा पाला जाळतो. मंग पडलेलं फूल दिसते."

तो धूर मी दरवर्षी पाहत होतो आणि नुसता खोकत होतो. मी मारलेली काट खोडून टाकली. पुढची रेघ मोहापासून शाळेकडे जात होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'मी येत नाई'. फुलं वेचायच्या दिवसांतल्या गैरहजेरीवरून मी तिला किती बोललो होतो! यात काय चूक काढणार? हसत हसत बरोबरची खूण केली.

मग मीच एक गोल काढून आत 'आठवी' लिहिलं. "हे कशाला जोडशील?"

तिने बराच वेळ पेन्सिल चावली. मग मोहापासून तिथवर रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'फुलं इकून वह्या घेईन'.

माझी मलाच लाज वाटली, आणि आनंदही झाला. मी तिला पूर्ण गुण दिले. त्यानंतर फुलांच्या दिवसांतली गैरहजेरीबद्दल मी कुणालाच जाब विचारला नाही.