व्याह्यांच्या टकलावरचा ठिपका

"मामा! माह्या सासऱ्याच्या टकलावर हे काय बसलं आहे?"

सौसरला भर साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, माझी भाची पल्लवी कॅमेऱ्यात डोकावून ओरडली. मी कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं. व्याह्यांच्या टकलावर काळाकुट्ट ठिपका! मान वर करून खऱ्या टकलाकडे पाहिलं. लख्ख!

"माशी असंल व."

पुढच्या फोटोत माशी नवरदेवाच्या कपाळावर. त्याच्या पुढच्यात पल्लवीच्या नाकावर.

"मामा, ठरलेल्या फोटोवाल्याले तुमीच 'येऊ नको' म्हनलं नं? आता एक तरी फोटो धड काढा!"

म्हटलं होतं खरं. कारण मी लेन्स बदलता येणारा नवाकोरा कॅमेरा घेतला होता, आणि पांढुर्ण्यापासून तिगावपर्यंत माझ्या तोडीचा फोटोग्राफर उरला नव्हता. (अनुभव तीन दिवसांचा. त्यातला दीड दिवस झाकण न काढता!)

सगळी विद्या पणाला लावली. आयएसओ वाढवला, तर व्याही गोरेपान झाले, ठिपका काळाच. शटर मंद केलं, तर नवरदेव धुरासारखा पसरला, ठिपका ठाम. अ‍ॅपर्चर लहान केलं, तर ठिपका आणखी ठसठशीत! शेवटी घाईघाईत, आत न बघता, लेन्सच बदलली. लांब पल्ल्याच्या त्या लेन्समध्ये व्याह्यांची फक्त एक नाकपुडी मावली. ठिपका त्या नाकपुडीत!

"काही बिघडलं का जी?" व्याह्यांनी विचारलं.

"छे छे! उजेड जमवून राहिलो."

मग मी अक्कल लढवली. ठिपका मधोमधच बसतो ना? तर माणसंच हलवू!

"पल्लवी, डावीकडं सरक. जावईबापू, तुमी उजवीकडं. अजून. अजून जी!"

होता होता दोघांच्या मधून संत्र्यांचा ट्रक गेला असता. विहीणबाई ताडकन उठल्या.

"पोरगा पसंत नसंल तं तसं सांगा नं! अंगठी घालाच्या आधीच दोघाईले दूर कायले करून राहिले?"

पल्लवीचे डोळे डबडबले. मी घाबरून लेन्स काढली, आत डोकावलो, तर बरोबर मधोमध ओल्या कुंकवाचं बोट आणि त्यावर चिकटलेला अक्षतेचा दाणा!

"हे कोनं केलं?"

"मीनं," माझी बायको म्हणाली. "ट्रॅक्टरची पूजा करतो, मोटारपंपाची करतो, मंग याची नाही कराची? मी तं वरच्या काचेलेच कुंकू लावत होती. तुमीच म्हनलं, थो चष्मा आहे, खरा डोळा अंदर आहे!"

(हे ज्ञान मीच दिलं होतं. लेन्स काढून, बोट दाखवून!)

आधी विहीणबाईच फिस्सकन हसल्या, मग अख्खा मांडव. त्या हसण्यातच अंगठ्या घातल्या गेल्या, आणि व्याह्यांनी आपल्या मोबाइलवर फोटो काढला. पहिल्याच झटक्यात, एकदम साफ!

जेवणं आटोपल्यावर मी जावयाजवळ सरकलो.

"जावईबापू, फिकर नको. कॅमेरा धुऊनपुसून आनतो. लग्नाचे सारे फोटो आपल्याकडं!"

सकाळपासून तोंड न उघडलेला तो मुलगा शांतपणे म्हणाला,

"मामाजी, लग्नात तुमी मठ्ठा वाढा."