भामाताईंचा माठ

सांगितल्यापेक्षा काकणभर जास्त काम करायची भामाताईंना खोड आहे. करमाडजवळच्या वस्तीवर त्या सोळा वर्षं आशा कार्यकर्त्या आहेत. बाळंतिणीला बघायला गेल्या, तर परतताना तिच्या सासूलाही गोळ्या वेळेवर घ्यायला दटावून येतात. याच खोडीने एका नावाजलेल्या शोधनिबंधाची वाट लागली, आणि खरं सांगायचं तर लागली ते बरं झालं.

निबंध होता हिवतापाच्या किटचा. बोट टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा, वीसेक मिनिटांत दुसरी रेघ उमटली की हिवताप. शेंद्र्याच्या कंपन्यांत हिवतापाच्या भागांतून कामाला आलेली कितीतरी कुटुंबं वस्तीवर राहतात, त्यामुळे ताईंकडे किट असतातच. पण फार उष्णतेने किट बिघडतं. मग अंगात हिवताप असूनही रेघ उमटत नाही. शहरातल्या डॉ. प्रणय यांना बघायचं होतं, की आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती फ्रिजशिवाय टिकतात का. त्यांनी एक खोकं शहरात फ्रिजमध्ये ठेवलं, दुसरं भामाताईंना दिलं, भिंतीवर तापमापी टांगली आणि सांगितलं, "नेहमी ठेवता तशीच ठेवा."

ताईंनी तशीच ठेवली. म्हणजे झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. डबा लहान माठात, लहान माठ मोठ्या माठात, आणि मधल्या फटीत ओली वाळू. भिंतीवर त्रेचाळीस अंश असायचे, डबा मात्र हाताला गार लागायचा. डॉक्टर यायच्या दिवशी त्या माठ मागच्या पडवीत सारायच्या, जमीन पुसायच्या आणि खोकं फळीवर मांडायच्या. मोठा माणूस घरी येणार म्हटल्यावर वाळूचा पसारा कोण दाखवतं?

उन्हाळा सरला तेव्हा दोन्ही खोक्यांतली किट सारखीच चोख निघाली. निबंध ऑनलाइन आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. किती जणांनी वाचला त्याचा आकडा पानावरच दिसतो, तो आठवड्याभरात अकरा हजारांवर गेला. डॉक्टरांना दिल्लीहून भाषणाचं बोलावणं आलं. ताईंची मुलगी प्रेरणा शहरात नर्सिंग शिकते. तिने आईला मोबाइलवर निबंध दाखवला, शेवटी आभारात आईचं नाव होतं तेही दाखवलं. ताईंचा ऊर भरून आला. मग त्यांनी विचारलं, आत लिहिलंय काय? प्रेरणाने सांगितलं, की त्रेचाळीस अंशांत उघड्या फळीवर ठेवलेली किटसुद्धा चालतात.

त्या दिवशी ताईंच्या डोक्यातून तो आकडा जाईना. अकरा हजार माणसं. त्यांतल्या कुणी खरंच किट फळीवर ठेवली, तर तापाने फणफणलेलं एखादं लेकरू हिवताप नाही म्हणून औषधाविना घरी जाणार. बरं, खरं सांगावं तर डॉक्टरांची शोभा होणार आणि खापर आपल्या डोक्यावर फुटणार. प्रेरणाने बजावलं, आई, तुझं काम जाईल. दुसऱ्या दिवशी ताई पहिल्याच गाडीने शहरात गेल्या, लहान माठ कडेवर घेऊन.

"सर, किट फळीवर नव्हती. ह्यात व्हती," त्या म्हणाल्या.

सगळी हकिकत ऐकून डॉक्टर चिडले. हे आधी का नाही सांगितलं?

"तुमी इचारलं नाय. अन् मला वाटलं, नीट ऱ्हावी म्हणूनच माझ्याकडं दिली."

प्रणय माणूस सरळ, पण चूक आपली आहे हे गळी उतरायला त्यांनाही दोन कप चहा लागला. दिल्लीचं भाषण त्यांनी रद्द केलं आणि नियतकालिकाला कळवलं. किट ओल्या वाळूच्या माठात होती, फळीवर ठेवू नयेत, अशी दुरुस्ती निघाली. महिन्याने निबंधाचा आकडा चौदा हजार होता आणि दुरुस्तीचा अवघा तेवीस. "त्यांतले दहा मीच आहे, ताई," डॉक्टर फोनवर म्हणाले.

ताई कपाळाला हात लावून बसणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी प्रेरणाच्या हाती मोबाइल दिला, माठ कसा भरायचा ते तिच्यासमोर दाखवलं, आणि फळीवरची गोष्ट आपल्या चुकीने छापली गेली हेही न लाजता सांगितलं. खरं तर चूक एकट्या त्यांची नव्हती, पण वाटे घालत बसायला त्यांना सवड नव्हती. व्हिडिओ आशाताईंच्या ग्रुपवर गेला, तिथून तालुक्यात, आणि मग कुठे कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही.

दोन महिन्यांनी गडचिरोलीकडच्या एका उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी डॉक्टरांना ईमेल केला. व्हिडिओ बघून त्यांनी दुरुस्ती शोधून वाचली होती. त्यांचीही किट फळीवरच होती. त्या खोक्यातल्या किटने हिवताप नाही ठरलेल्या नऊ जणांना त्यांनी पुन्हा बोलावून नव्या किटने तपासलं. दोघांना निघाला, त्यांत एक चार वर्षांची मुलगी. शेवटी विचारलं होतं, वाळू किती ओली ठेवायची?

डॉक्टरांनी लगेच ताईंना फोन लावून पत्र वाचून दाखवलं.

"पोरगी कशीय?" ताईंनी आधी विचारलं.

ताप उतरला, खेळतेय, असं कळल्यावर त्यांनी नाक पुसलं. मग म्हणाल्या, "लिव्हा. वाळू मुठीत दाबली की हाताला ओल लागावी, पाणी गळू नाय."

डॉक्टरांनी ते जसंच्या तसं लिहिलं. खाली नावं घालताना आधी भामाताईंचं घातलं, मग स्वतःचं.