सव्वाअठरा तास

हरीभाऊंची आणि माझी शेवटची भेट सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी झाली. राहनाळच्या आमच्या गोदामात ते आले, चपला काढून सेफ्टी बूट चढवले, माझ्या टेबलावरचा अर्धा चहा न विचारता उचलला आणि रोजचा प्रश्न विचारला, "काय मास्तर, काल काय निभावलं?" मी म्हणालो, "काही नाही." ते खोटं होतं. पावणेअकराला ते गेले. मधली पंचाण्णव मिनिटं मी त्यांच्यापासून फार तर साठ पावलांवर होतो, आणि मी खरं सांगितलं नाही. गोदामाबाहेर लागलेल्या श्रद्धांजलीच्या फलकावर 'दुर्दैवी निधन' असं छापलं होतं. मला तो शब्द बरोबर वाटत नाही. जे घडलं त्याला सांगता येण्यासारखी कारणं आहेत, आणि त्यातलं एक मी आहे. हे त्यांच्यावर लिहिताना आधी सांगणं भाग आहे.

हरिश्चंद्र म्हात्रे, राहणार अंजूर. एका रसायनांच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढून घरी बसलेला माणूस. आमच्याकडे एका हमालाच्या पायावर माल रचायचा लाकडी पॅलेट पडून पाऊल गेलं, माल ठेवणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकानं डोळे वटारले, तेव्हा शेठनी त्यांना सुरक्षा सल्लागार म्हणून करारावर आणलं. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोळा करून त्यांनी तो हात वर केला. "ही बोटं गेली त्याच्या आधी तीनदा माझा हातमोजा मशीननं ओढला होता. तीनदा मी कुणाला बोललो न्हाय. चौथ्यांदा मशीन बोललं." कोणी हसलं नाही. मागून एक हमाल मात्र पुटपुटला, "म्हणजे बोटं घालवली की साहेब होता येतं." हरीभाऊ त्याला म्हणाले, "होता येतं की. तू कुठली देतोस बोल."

आमच्या गोदामात तेव्हा एक रीत होती. वरून खोका पडला आणि कुणाच्या खांद्याला घासून गेला, माल उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी कुणाला चाटून गेली, की त्या जागी नारळ फोडायचा, खोबरं वाटायचं आणि कामाला लागायचं. नारळ फुटला की विषय मिटला. पुन्हा त्याबद्दल बोलणं अपशकुनी. मी गोदामाच्या नोंदी ठेवायचो, वीस वर्षं ठेवल्या, पण अशा नारळांची नोंद माझ्याकडे कधीच नव्हती. हरीभाऊंनी रीत मोडली नाही. ते म्हणाले, "फोडा ना, मी कुठं नको म्हणतो? पण देवाला आधी सांगा तरी त्यानं कशापासून वाचवलं. न्हायतर पुढच्या वेळी तो कुठं लक्ष देणार?" त्यांनी एक जाड वही आणली आणि वरती लिहिलं, 'थोडक्यात निभावलं'. आधी वहीत नोंद, मग शनिवारी सगळ्यांसमोर नारळ, आणि आठवड्यात ज्यानं निभावलेलं सांगितलं त्याला खोबऱ्याचा पहिला तुकडा. ज्याला मराठी लिहिता येत नाही त्यानं मला सांगायचं, मी लिहायचं. अर्ध्या गोदामाला लिहिता येत नव्हतं, म्हणजे अर्ध्या गोदामाचा हात मी होतो.

पोरांनी वहीला 'चुगली वही' नाव दिलं. पहिल्या महिन्यात सहा नोंदी झाल्या, सहाच्या सहा हरीभाऊंच्या. पहिली अशी होती : 'आज मी वजनकाट्याजवळ मोबाइलवर बोलत चाललो होतो. फोर्कलिफ्ट एका हातावरून गेली. चूक माझी.' ती मोठ्यानं वाचली तेव्हा दोन दिवस हसाहशी चालली. दुसऱ्या महिन्यात एकोणीस नोंदी आल्या, त्यातल्या दोनच त्यांच्या. रामसूरत नावाचा फोर्कलिफ्टचा ड्रायव्हर होता, गोरखपूरकडचा, घुमा. तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बाबूजी, मेरा भी लिखिए. हॉर्न तीन दिन से बंद है, मैं मुँह से बजा रहा हूँ." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवा हॉर्न बसला. शनिवारी हरीभाऊंनी त्याच्या हातात खोबरं ठेवलं आणि म्हणाले, "आता मुँह खाने के काम में ला." त्या दिवसापासून वही चालली. नोंद झाली की चोवीस तासांत काहीतरी दुरुस्त व्हायचंच आणि सांगणाऱ्याला शिक्षा व्हायची नाही, हे दोन नियम त्यांनी कधी वाकवले नाहीत. एकदा शेठ एका नोंदीवरून ड्रायव्हरला घरी बसवायला निघाले. हरीभाऊंनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "मग मलापण बसवा. पहिली नोंद माझी हाय."

शेठना वही आवडली ती वेगळ्या कारणानं. अपघात थांबले होते, ते गिऱ्हाइकाला दाखवता येणार होतं. त्यांनी दारात मोठा फलक लावला, 'अपघाताविना दिवस', आणि तीनशे दिवस झाले की प्रत्येकाला प्रेशर कुकर, असं जाहीर केलं. रोज सकाळी आकडा बदलायचं काम माझ्याकडे आलं, आणि मला ते मनापासून आवडायचं, हे कबूल करतो. हरीभाऊ फलकाखालून जाताना वर बघायचे नाहीत. दोनशेच्या पुढे गेल्यावर नोंदी महिन्याला तीनवर आल्या. मी त्यांना कौतुकानं तक्ता करून दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला... मग म्हणाले, "घडणं कमी झालं का सांगणं कमी झालं, ते तुमचा तक्ता सांगतो का मास्तर?" मला राग आला होता. मी तक्ता गुंडाळून ठेवला.

दोनशे नव्व्याण्णवाव्या दिवशी हरीभाऊ नात्यातल्या कार्यासाठी रजेवर होते. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचे पाहुणे येणार होते, तीनशे आकडा बघायला. दुपारी साडेचारला रामसूरत माझ्याकडे आला. "बाबूजी, सात नंबर का खंबा लगा मेरे से. थोड़ा टेढ़ा है. लिख लीजिए." मी जाऊन पाहिलं. रॅकचा खांब जमिनीपासून हातभर उंचीवर आत वाकला होता, बोटभर. मी वही उघडली असती तर तो खण त्याच रात्री रिकामा करावा लागला असता, आणि पाहुण्यांसमोर मधोमध एक रिकामी चौकट उभी राहिली असती. मी रामसूरतला म्हणालो, "परवा लिहू." तो हलेना. तेव्हा मी समोरच्या टपरीवरून नारळ आणवला आणि खांबाच्या पायाशी स्वतः फोडला. आम्ही दोघांनी खोबरं खाल्लं. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं.

सकाळी शेठनी सात नंबरच्या खणात आणखी चार पॅलेट चढवायला सांगितले. गोदाम भरलेलं दिसायला हवं होतं. रामसूरतनं गाडीवरून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या यादीकडे पाहिलं. तीन पॅलेट चढले. हरीभाऊ फेरी मारत तिकडून येत होते, आणि त्यांना खांबाच्या पायाशी करवंटी दिसली. त्यांनी हात वर करून गाडी थांबवली. "आरं, हा नारळ कसला?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. आमच्याकडे कारणाशिवाय नारळ फुटत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ते खाली वाकले, खांबावरून तो तीन बोटांचा हात फिरवला आणि माझ्या दिशेला मान वळवून म्हणाले, "म्हणजे काल..." पुढचं ऐकू आलं नाही, खांब मोडला आणि वरचा सगळा माल त्यांच्यावर आला. आम्ही खूण ठेवली नसती, तर ते कदाचित पुढे निघून गेले असते.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. पोलीस रामसूरतला घेऊन गेले, कारण खांबाला धडक त्यानं दिली होती आणि वहीत नोंद नव्हती. त्यानं "बाबूजी को बताया था" असं सांगितलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "आठवत नाही." वीस वर्षांत मला एखादा आकडा आठवला नाही असं झालं नव्हतं. फलकाबद्दल मी शेठना विचारलं, शून्य करू का? ते म्हणाले, "हरीभाऊ आपल्या पटावर नव्हते, सल्लागार होते. फलक कामगारांचा आहे." दुसऱ्या दिवशी मी माझ्या हातानं तीनशे एक लावला. चौथ्या दिवशी कुकर वाटले. रांगेत एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "जपून ने, म्हातारा आत बसलाय." माझा कुकर घरी खोक्यातच आहे. बायकोनं दोनदा विचारलं, मग विचारायची थांबली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकीवर गेलो आणि सगळं लिहून दिलं, वेळेसकट. शेठना फोनवर कळवलं. त्यांनी एवढंच म्हटलं, "उद्यापासून येऊ नका." रामसूरत सुटेल की नाही ते मला अजून माहीत नाही. तिथून रिक्षानं अंजूरला हरीभाऊंच्या घरी गेलो. वहिनी घरात एकट्याच होत्या. पाणी दिलं. मी पेला खाली ठेवला आणि उभ्यानंच सांगितलं.

त्यांनी विचारलं, "तुमाला कधी कळलं?"

"साडेचारला. आदल्या दिवशी."

"आणि ते कधी गेले?"

"पावणेअकराला."

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली, आणि चुकल्या. पुन्हा मोजायला लागल्या. मला राहवलं नाही, मी सांगितलं, "सव्वाअठरा तास."

"सव्वाअठरा तास," त्या म्हणाल्या. "त्यात सकाळी ते तुमच्याकडं आले, चहा प्याले."

"हो."

"विचारलं असंल त्यांनी. घरीपण विचारायचे. दूध उतू गेलं तरी विचारायचे, काल काय निभावलं."

"विचारलं."

"आणि तुमी काय बोललात?"

मी सांगितलं. त्यांनी माझा पाण्याचा पेला उचलला, अर्धा भरलेला, दारातून अंगणात ओतला, आणि आत निघून गेल्या. निरोप घ्यायला कुणी नव्हतं. मी चपला घातल्या आणि ओट्यावर आलो. उतरणार तेवढ्यात आतून आवाज आला.

"तिसरी पायरी हालते हाय, भाऊजी. कडेनं उतरा. आलात तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, माझं चुकलं."