दबेल पांढरा

वडनेर भोलजीला माझ्या सासऱ्यांच्या मळ्यात एक पांढरा मोर होता. तुऱ्यापासून पिसाऱ्याच्या टोकापर्यंत पांढरा, निळ्याचा ठिपका म्हणून नाही. कुणा मोठ्या घरच्या बागेतून तो भेट आलेला. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं, मीही जावई म्हणून नवाच होतो. सासऱ्यांचा त्या मोरावर भारी जीव, आणि काळजी एकच. मोर म्हातारा होत चालला होता आणि त्याच्या रंगाचं दुसरं पाखरू आसपास कुठे नव्हतं.

"याच्या मांगं याच्यासारखं एक तरी राह्यलं पायजे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मी जळगाव जामोदला शाळेत विज्ञान शिकवायचो. विज्ञानाचा मास्तर आणि नवा जावई एकाच अंगात असले की माणसाला गप्प बसवत नाही. जेवता जेवता मी बोलून गेलो, "मामाजी, मोर मले द्या. माह्याकडे लांडोर हाये. चुन्यात नीळ टाकली का रंग कसा होते? फिका. तसंच हे. पिल्लं पांढरी नाई निघाली तं आकाशी तं निघतीनच."

"जवाईबापू सायन्सवाले हायेत," सासरे भरल्या डोळ्यांनी म्हणाले. बायकोने मात्र माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा घास मी न चावता गिळला.

पिसारा झडल्यावर मोराला टोपलीत बसवून एस.टी.ने आणला. गोणपाटातून फक्त मान बाहेर. कंडक्टरने मोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर, यातलं तिकीट कोणाचं फाडू?"

माझी लांडोर अगदी साधी, गावरान. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शेतात सापडलेल्या अंड्यातून निघालेली. पावसाळ्यात तिने अंडी घातली, ती मी खुडूक कोंबडीखाली ठेवली, आणि पिल्लं निघाली ती सगळीच्या सगळी मातीच्या रंगाची. मोठी झाली तरी आकाशी कुणी होईना. एका मादीच्या पंखात मात्र दोन पिसं पांढरी दिसत होती. ओट्याला चुना दिला होता, तो लागला असेल म्हणून मी तिला धरून साबणाने घासली. पिसं काही मातकट झाली नाहीत. माझ्या हाताला तेवढी चोच बसली.

रागाच्या भरात मी सगळी पिल्लं वाटून टाकली. ती साबणवाली शेजारच्या किराणा दुकानदार शेटजींना दिली.

सासरे पाहायला आले. रिकामं अंगण पाहिलं, रागावले नाहीत. ओट्यावर बसून एवढंच म्हणाले, "मंग माह्या मोराचा पांढरा गेला कुठं?"

दुसऱ्या दिवशी वर्गात वाटाण्याचा धडा होता. दरवर्षी तोंडपाठ म्हणायचो तसा म्हणत होतो: उंच वाटाण्याची बुटक्याशी जोडी लावली तर पहिली पिढी सारी उंच, बुटकेपण जात नाही, दबून राहतं, पुढच्या पिढीत वर येतं. "वर येतं" म्हणालो आणि खडू हातातच राहिला. गेला कुठं? गेला कुठेच नव्हता! मी वाटलेल्या एकेका पिल्लाच्या पोटात पांढरा दबून बसला होता, आणि एकीने तर पंखावर सांगूनही पाहिलं होतं. तिला मी साबण लावला.

घरी येऊन बायकोला समजावलं, "पांढरा रंग दबेल असते. निळ्यासमोर तोंड उघडत नाई. पण दोन्हीकडून पांढराच आला, निळा मधी नसला, का मंग बोलते."

"म्हंजे घरात असते, पण दिसत नाई?"

"हाव."

"मले चांगलं समजते ते," ती म्हणाली. "आपल्या घरी हायेच एक."

शेटजींकडे गेलो. लांडोर परत मागितली तसे ते हसत सुटले. "देल्ली लेक वापस नेऊन राह्यले का बे मास्तर?"

"वापस नाई शेटजी, माहेरपणाले नेतो."

माहेरी तिची जोडी तिच्या बापाशीच लावायची होती, हे मी शेटजींना सांगितलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा म्हणालो, वाटाण्यांत नातीगोती नसतात.

लांडोर वयात यायला वेळ लागला. तोवर मोर आणखी थकला, सासऱ्यांचा दर चार-सहा दिवसांनी निरोप, "हाये ना?" अखेर अंडी झाली, पुन्हा कोंबडीखाली गेली, आणि पिल्लं निघाली. निम्मी मातीची. निम्मी पिवळी! पिवळं हे उत्तर वाटाण्याच्या धड्यात कुठेही नव्हतं. मी डोकं चालवलं: कोंबडीने सुरुवातीलाच आपली अंडी घुसडली, ही तिचीच. पिवळी पिल्लं टोपलीत घातली आणि माहेरपणाची भरपाई म्हणून शेटजींना नेऊन दिली.

बायको विहिरीवरून आली. "पिवळी कुठं हायेत?"

"कोंबडीची होती, देऊन टाकली."

"काऊन?" तिने घागर धाडकन खाली ठेवली. "कोंबडीचं पिल्लू हप्ताभर आंधी निघते. हे सारे एकाच दिवशी कसे निघाले मंग?"

मी चप्पल न घालता पळालो. शेटजी दारातच उभे होते. "या मास्तर. आता काय, यांचंही माहेरपण का?"

आठ-पंधरा दिवसांत पिवळेपणा हळदीसारखा उतरत गेला आणि खाली पांढरं, स्वच्छ पांढरं निघालं. सासरे आले. एक पिल्लू त्यांनी दोन्ही हातांत घेतलं. मग ते मोरापुढे नेऊन अलगद खाली ठेवलं. आम्ही सगळे भोवती उभे. मोराने मान वाकडी करून पिल्लाकडे पाहिलं, आणि त्याच्या पायाजवळचा ज्वारीचा दाणा टिपून पाठ फिरवली.

"ओळखलं नाई त्यानं," मी हिरमुसून म्हणालो.

"कसं ओळखन?" सासरे डोळे पुसत हसले. "आपण पांढरे हावो, हे त्याले कोणी सांगतलं?"