चार चौकटी

निवृत्त झाल्यावर माणसाने काहीतरी करावं, असं सगळे सांगतात. काय करावं ते कोणी सांगत नाही. मी मधमाश्या पाळायला शिकलो. धुळ्यात आमचा दहा-बारा जणांचा क्लब आहे. क्लब म्हणजे देवपूरमध्ये नानांच्या घरामागचा मोकळा प्लॉट, दोन कडुनिंब, त्यांच्या सावलीत ओळीने मांडलेल्या लाकडी पेट्या आणि काही प्लास्टिकच्या खुर्च्या. दर रविवारी सकाळी जमायचं. नाना वनखात्यातून निवृत्त झालेले, मूळचे साक्री तालुक्यातले. सगळ्यांशी अहिराणीतच बोलतात, समोर कलेक्टर असो की भाजीवाला. बाकी आमच्यात एक दाताचे डॉक्टर, एक मोटार रिवाइंडिंगवाले, एक कॉलेजातल्या मॅडम आणि माझ्यासारखे काही रिकामटेकडे.

पहिले काही महिने नुसतं बघायचं असतं. पेटीत ओळीने चौकटी टांगलेल्या असतात, त्यांवर माश्या पोळं बांधतात. किती चौकटींवर माश्या दाटल्यात, त्यावरून वसाहतीची तब्येत कळते. म्हणून रविवारी चहा झाला की नाना एकेकाकडे बघून म्हणायचे, "चौकटी बोला." ज्याने त्याने आपल्या घरच्या पेटीचा आकडा सांगायचा. पाच म्हटलं की माना डोलायच्या, दोन म्हटलं की उपदेश सुरू. हजेरीसारखाच प्रकार. मी तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेली, मला तो लगेच आवडला.

शिकायला वेळ लागला. धूर किती द्यायचा ते कळेपर्यंत दोनदा डंख खाल्ले, एक भुवईवर. तांदळाच्या कणीएवढं अंडं चष्मा लावूनही दिसेना. पण माझी खरी अडचण वेगळीच होती. मला गप्प बसवत नाही. भात शिजायला टाकला की तीनदा झाकण काढणारा माणूस मी. नानांनी ते पहिल्या महिन्यातच ओळखलं. "भाऊ, पेटी उघडी म्हणजे त्यासना घरनं छप्पर काढं," ते म्हणाले. "दहा दिनमा एकदाच. आनि पाऊसमा कधीच नही."

आमच्याकडचा उन्हाळा माश्यांना सोसत नाही. बाहेरगावाहून आणलेल्या वसाहती एप्रिलमध्ये घर सोडून जातात, पेटी रिकामी पडते. फक्त नानांकडची एक जात टिकायची. नोकरीत असताना पिंपळनेरकडच्या जंगलात एका पोकळ झाडातून त्यांनी ती काढून आणली होती. पुढे ते झाड रस्त्यात गेलं. त्या जातीच्या दोन पेट्या झाल्या तेव्हा त्यातली एक नानांनी मला दिली. का दिली ते मला अजून माहीत नाही. डॉक्टर माझ्याआधी दोन वर्षांपासून रांगेत होते. नानांच्या बायकोने, अक्कांनी, पेटीला हळद-कुंकू लावलं, आणि नाना म्हणाले, "हाई मना पिंपळनेरना झाडनी शे. दोनच पेट्या शेतस, एक मनी, एक तुम्हनी. सांभाळा."

साक्री रोडला माझ्या घरामागे पेरूचं झाड आहे. त्याखाली पेटी ठेवली. हिवाळाभर ती छान वाढली. मी रोज संध्याकाळी खुर्ची टाकून समोर बसायचो. बायको म्हणायची, "संसाराकडे कधी इतकं बघितलं नाहीत." ते खरं होतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात ऊन भयंकर तापलं. दुपारी माश्या पेटीच्या तोंडाशी ओळीने बसून पंख हलवत होत्या. आत हवा घालायची त्यांची ती रीतच असते, नानांनी शिकवलं होतं. सावली, थाळीत पाणी, छपरावर ओलं गोणपाट, यापलीकडे काही करायचं नाही, हेही शिकवलं होतं. पण मला ते बघवेना. आमच्याकडे पाहुणा आला की आधी हातात पाणी आणि मग कूलरचं तोंड त्याच्याकडे, ही रीत. घरात नवा कूलर आल्यापासून जुना पत्र्याचा कूलर माळ्यावर पडला होता. मी तो खाली काढला, नवा वाळा भरला, वायर ओढली आणि पेरूखाली लावून त्याचं तोंड पेटीकडे केलं.

दोन दिवस मला फार बरं वाटलं. गार वारा, वाळ्याचा वास. मीसुद्धा तिथेच बसून पेपर वाचायचो. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला माश्या बाहेर पडायला लागल्या आणि थांबल्याच नाहीत. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर त्यांचा घोळका जरा वेळ फिरला आणि पश्चिमेला निघून गेला. पेटी उघडली तर आत गारठा, ओल आणि रिकामं पोळं. कूलर चालूच होता. तो बंद करून मी पायरीवर बसलो. मला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

रविवारी मी सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पण माझ्याआधी डॉक्टरांची पाळी होती. त्यांच्याही माश्या त्याच आठवड्यात गेल्या होत्या, आणि त्यांनी ते सांगून टाकलं. नानांनी त्यांची समजूत काढली. "तुम्हनी बाहेरनी व्हती, गई. भाऊनी जाणार नही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चौकटी बोला."

"चार," मी म्हणालो.

कचेरीत तीस वर्षं मी 'परिस्थिती समाधानकारक' असं लिहीत आलो होतो. हात त्या वळणाचाच झाला होता. पुढच्या रविवारी परत चार. मग खरं वाटावं म्हणून एकदा तीन सांगितल्या, तर नाना काळजीत पडले आणि साखरेचा पाक किती द्यायचा ते त्यांनी मला लिहून दिलं. त्यानंतर मी चार सोडल्या नाहीत. नवी माणसं यायला लागली तेव्हा नाना त्यांना माझ्याकडे बोट दाखवून कौतुकाने सांगायचे, "उन्हाळा काढा त्यासनी." मॅडमनी मला एकदा विचारलं की उन्हाळ्यात नेमकं काय करता. मी म्हणालो, काहीच करायचं नाही, हीच युक्ती आहे. नानांचे गुडघे दुखत, त्यामुळे ते कोणाच्या घरी जात नसत. माझं त्यावर निभावत होतं.

बायकोला अर्थात सगळं माहीत होतं. "अहो, सांगून टाका ना एकदा," ती म्हणाली. "माश्याच होत्या. कोणाचं पोर हरवलेलं नाही." मी म्हणालो, पुढच्या रविवारी सांगतो.

जुलै संपता संपता एका रविवारी नानांनीच पहिल्यांदा आपली गोष्ट काढली. महिन्यापूर्वी पिंपळनेरची पेटी तपासताना त्यांच्या हातून राणी चौकटीखाली चेंगरली होती. "राणी मीच मारी," नाना सगळ्यांसमोर म्हणाले. "डोया काम करत नही आते." माश्यांनी नवी राणी तयार केली, पण ती मीलनासाठी उडाली ती परत आलीच नाही. आता पेटीत राणी नाही आणि जिच्यातून राणी करता येईल अशी ताजी अंडीही नाहीत. दुसऱ्या पेटीतली अंड्यांची एक चौकट आणून लावली तर माश्या त्यातून राणी करतात. पण ते चार-आठ दिवसांत व्हायला हवं. डॉक्टरांनी नवी पेटी घेतली होती, त्यांनी लगेच आपली चौकट देऊ केली. नानांनी हात हलवला. "त्यानी गरज नही. त्याच जातनी भाऊकडे शे." मग मला म्हणाले, "सोमवारले सकाय मुलगाले धाडू का?"

मी हो म्हणालो. आता विचार करतो तेव्हा मला तेच सगळ्यात वाईट वाटतं. तिथे दहा माणसं होती, डॉक्टर चौकट द्यायला तयार होते, नानांनी स्वतःची चूक नुकतीच सांगून टाकली होती. याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती, तरी मी हो म्हणालो.

सोमवारी सकाळी मी नानांना फोन केला. म्हणालो, इकडे पाऊस आहे, पेटी उघडता येणार नाही. नाना म्हणाले, बरोबर शे, पाऊसमा नको. मंगळवारी मी एसटीने पिंपळनेरला गेलो. माझा बेत असा की त्याच भागातल्या माश्या कुठून तरी मिळवायच्या आणि गुपचूप पेटीत भरायच्या. एका टपरीशी मधाच्या बाटल्या घेऊन एक बाई बसल्या होत्या, त्यांना विचारलं. त्या माझ्या कपड्यांकडे बघून हसल्या. "भाऊ, पाऊसमा कोन माश्या धरस?" मी एक बाटली घेतली आणि परत आलो. गुरुवारी नानांचा फोन आला. मी पुन्हा पाऊस सांगितला.

शनिवारी बायकोने रिकामी पेटी उचलून दारात आणून ठेवली आणि आत गेली. मी ती स्कूटरवर बांधली आणि देवपूरला गेलो.

नाना प्लॉटवरच होते. मी सगळं सांगितलं, कूलर, तारीख, चार चौकटी, सगळं. मला वाटत होतं, ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेटी बघितली, आतल्या पोळ्याला मेणकिडा लागला होता, तो बोटाने काढून टाकला. मग मला आपल्या पेटीपाशी नेलं आणि एक चौकट वर काढून उजेडाकडे धरली. या वेळी मला अंडी नीट दिसली. पोळ्याच्या एकेका घरात दोन-तीन, वेडीवाकडी, भिंतीला चिकटलेली. राणी नसली की काही दिवसांनी कामकरी माश्याच अंडी घालायला लागतात. त्यातून फक्त नर निघतात, कामाचं कोणी निघत नाही. तिथून ती वसाहत वाचवणं फार अवघड असतं.

"सोमवारले जर सांगतात, ते डाक्टरनी चौकट लई येतू," नाना म्हणाले. "जात गई ते गई व्हती. पन ह्या तरी जगत्यात."

मी म्हणालो, "नाना, चुकलं माझं."

त्यांनी चौकट सावकाश जागेवर ठेवली, एकही माशी दबणार नाही अशी. झाकण लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारले आठे देवपूरमा ऊन व्हतं, भाऊ. गुरुवारले भी. मी म्हनं, भाऊ सांगतस, म्हणजे साक्री रोडले पडत व्हई."