दिवळीत राहिलेल्या गोळ्या

गाव सोडलं तेव्हा भर दुपार होती. विद्यापीठाच्या नामांतरावरून तुम्ही गाववाले आमची बौद्धवस्ती पेटवायला निघाला होतात. आईनं सहा वर्षांच्या शालूला, माझ्या बहिणीला, कडेवर घेतलं. बाबांनी ट्रंकेतून माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट काढून सदऱ्यात खुपसलं. ओढा ओलांडल्यावर आईनं विचारलं, "पोरीच्या गोळ्या?" बाबा मागं वळले. आमच्या छपरातून धूर निघत होता आणि डबी आत भिंतीतल्या दिवळीत होती.

शालूला रक्ताचा कॅन्सर होता. मुंबईच्या डॉक्टरांनी बरी करून पाठवली होती, पण गोळ्या पुढं दोन वर्षं, रोज, न चुकता द्यायच्या होत्या. औरंगाबादेत छावणी भागात एका नातेवाइकाकडं पडलो. रस्ते बंद, आणि त्या गोळ्या शहागंजच्या बाजारात कुठंच मिळेनात. महिनाभर खंड पडला. वर्षाच्या आत आजार उलटला आणि शालू गेली. बाबा चिकलठाण्याच्या नव्या कारखान्यात पहारेकरी झाले, मला शिकवलं आणि जन्मभर एकच बोलत राहिले, "कागद घेतला, गोळ्या इसरलो."

त्याच कागदावर मी कॅनडात पोचलो. लॅबमध्ये आम्ही मुलांच्या उलटलेल्या कॅन्सरची जनुकं तपासतो. पहिल्या वेळचं रक्त आणि उलटल्यावरचं, शेजारी ठेवून. काही मुलांच्या पेशींत असा बदल सापडतो की त्याच गोळ्या निकामी ठरतात. शालूच्या पेशींत तो होता का? तिच्या रक्ताचा थेंबही कुणी जपलेला नाही.

आणि आता तुमचं निमंत्रण! भूमिपुत्राचा सत्कार, शाल, श्रीफळ, 'गावाची शान'. खाली निमंत्रकांत तीच आडनावं, त्या दुपारी रॉकेलचे डबे घेऊन आलेली. लाज कशी वाटत नाही तुम्हाला?

त्याच दिवशी औरंगाबादेत पुंडलिकनगरला बाबांना फोन केला. निमंत्रणाचं सांगितलं आणि म्हणालो, "बाबा, दोष जनुकातच होता. गोळ्या असत्या तरी शालू वाचली नसती." हे मला माहीत नाही, कधी कळणारही नाही. बाबा म्हणाले, "मंग गाववाल्यांचाबी दोष नाय म्हण की. जाऊन ये रे, आपलंच गाव हाय."

किळस आली. तुमची होतीच, आता माझीही. बाबांना सोडवायला गेलो आणि तुम्हालाही सोडवून बसलो.

तरी ते खोटं मी मागं घेणार नाही. परवा आई सांगत होती, त्या फोननंतर बाबांनी इतकी वर्षं पेटीत तळाशी पडलेलं माझं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं. माझं घर, गाव म्हणजे आता तेवढी भिंत. शाल तुमच्याकडंच ठेवा.