एक व्हिडिओ, दोन मुली

सोहारमधलं ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. पोलीस खात्यात मी तीस वर्षांहून जास्त काढली. चोऱ्या, दंगली, खून, सगळं हाताळलं. त्यांतले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हे प्रकरण मात्र पानापानानं आठवतं, आणि ते खात्यातलं नव्हतंच.

वरिष्ठ निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी ओमानला गेलो. सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याची जागा होती. २०१० नंतरची ती वर्षं. कारखान्याची स्वतःची कॉलनी होती आणि कॉलनीत क्लब, पोहण्याचा तलाव, दोन टेनिस कोर्टं. गेटवरची नोंदवही, वाहनांचे पास, चोरीच्या किरकोळ तक्रारी हे माझं काम. अटकेचा अधिकार नाही, कोठडी नाही. काही गंभीर घडलं तर ओमानच्या पोलिसांना कळवायचं, एवढंच. तरी सवय जात नाही. माझ्या गार्डना मी पोलीस ठाण्याच्या शिस्तीत नोंदी ठेवायला लावल्या होत्या. प्रत्येक नोंदीला वेळ आणि सही. त्यावरून ते मला हसायचे.

एका दुपारी पाळी संपवून एक फिटर माझ्या केबिनमध्ये आला. वसईचा ख्रिश्चन माणूस, बारा वर्षं त्याच कारखान्यात. बरोबर त्याची सतरा वर्षांची मुलगी. त्याच्या हातात छापून आणलेला एक ईमेल होता.

"साहेब, माझी पोर चोर नाही," तो म्हणाला आणि खुर्चीवर न बसता उभाच राहिला.

मी दोघांना बसवलं. मुलीला म्हटलं, "तूच सांग. सुरुवातीपासून."

तिचं मराठी अडखळत होतं, पण सांगणं सरळ होतं. "अंकल, अमेरिकेत कॉलेजची टेनिस टीम असते. टीमची कोच प्लेअर्स निवडते. सिलेक्ट झालं तर फी माफ होते. मी माझा व्हिडिओ पाठवला. कोच मॅडमचं उत्तर आलं की हाच व्हिडिओ आधी दुसऱ्या मुलीच्या नावानं आलाय. मी तो चोरला असं त्यांना वाटतं."

दुसरी मुलगी आमच्याच कॉलनीतली होती. तिचे वडील वरिष्ठ मॅनेजर, मूळचे मुंबईचे. क्लब त्यांच्याच अखत्यारीत. ईमेलची कुणकुण त्यांना लागली होती आणि चौकशी होईपर्यंत फिटरच्या मुलीनं कोर्टावर येऊ नये, अशी सूचना त्यांनी क्लबच्या फलकावर लावली होती. जनरल मॅनेजरनी मला बोलावलं, आठवड्यात लेखी अहवाल द्या म्हणाले.

मी आधी व्हिडिओ पाहिला. टेनिसमधलं मला काही कळत नव्हतं. कॅमेरा कोर्टाच्या मागे उंचावर एका जागी बसवलेला. पलीकडे क्लबचा कोच खेळतोय, अलीकडे पाठमोरी मुलगी. डोक्यावर कॅप, अंगात क्लबचा टी-शर्ट. चेहरा क्वचित दिसतो, तोही बोटाच्या पेराएवढा. दोन्ही मुली उजव्या हातानं खेळणाऱ्या, उंचीलाही सारख्या. दोन्हीकडचे पालक शपथेवर सांगायला तयार होते की ही आमचीच मुलगी.

मग सरळ गोष्ट ही की, समोर खेळणाऱ्या माणसाला विचारायचं. मी कोचला बोलावलं.

हा रत्नागिरीचा मुसलमान गृहस्थ, चाळिशीचा. तरुणपणी बरा खेळायचा. ओमानला आला तो गोदामात स्टोअरकीपर म्हणून. क्लबला कोच हवा होता, तो झाला. पंधरा मिनिटं तो मनमोकळा बोलला. अमेरिकेतले कोच खेळाडू कसे शोधतात ते त्यानंच मला समजावलं.

"साहेब, चांगले फटके कापून जोडले की कोणीपण चॅम्पियन दिसतो. म्हणून ते अख्खा सेट मागतात, न कापलेला. पॉइंट गेल्यावर पोरगी काय करते ते बघतात. चिडते का, चालत जाऊन परत सर्व्हिसला उभी राहते का. मग स्पर्धांचे निकाल बघतात. आणि शेवटी आमच्यासारख्याला विचारतात, कारण चार वर्षं सांभाळायची असते त्यांना."

फिटरच्या मुलीला त्यानं आठव्या वर्षापासून शिकवलं होतं. उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला, कारण सातनंतर कोर्टावर पाय ठेववत नाही. वाळवंटातून वारा सुटला की बाकीची मुलं घरी जायची, हा तिला थांबवायचा आणि वाऱ्यात सर्व्हिस मारायला लावायचा. कॉलेजच्या सामन्यांत बऱ्याचदा चेंडू आत की बाहेर हे खेळाडूंनीच सांगायचं असतं, म्हणून सरावातही तिनं स्वतःविरुद्ध खरं सांगायचं, हा त्याचा नियम.

"मग या व्हिडिओत कोण आहे?" मी विचारलं.

त्यानं रुमालानं मान पुसली. "आठवत नाही, साहेब. दोघी माझ्याशी खेळतात."

इथं माझ्यातला जुना अंमलदार जागा झाला. मी आवाज चढवला. दार लावून घेतलं. तुझ्याच हातून व्हिडिओ बाहेर गेला, तूच विकला असशील, व्हिसा रद्द होईल, असं सगळं बोललो. तासभर. तो खाली बघून एकच सांगत राहिला, "आठवत नाही." मला खात्री पटली की हाच लबाड आहे. अहवालाचा मसुदाही मी मनात तयार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनमध्ये व्हिडिओ पुन्हा बघत होतो. मुख्य गेटवरचा वयस्कर ओमानी गार्ड चावी ठेवायला आत आला. वर्षानुवर्षं भारतीयांत राहून तो चांगली हिंदी बोलायचा. पडद्याकडे बघून तो थांबला.

"हे कापड नवीन आहे," तो म्हणाला.

"कुठलं कापड?"

त्यानं बोट ठेवलं. कोर्टाच्या जाळीला वारा अडवायला हिरवं कापड बांधतात, ते. व्हिडिओत ते ताणून बसवलेलं, कडक हिरवंगार. "ट्रक माझ्या गेटमधून आला. चार दिवसांत वाऱ्यानं फाडलं. मग काढलं, खलास. आता बघा, जाळी उघडी आहे."

मी उठून खिडकीतून पाहिलं. जाळी खरंच उघडी होती. दीड वर्ष मी रोज तिथून जात होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गेटची नोंदवही काढली. कापडाच्या ट्रकची नोंद सापडली, वेळेसकट. फाटलेलं कापड भंगारात गेल्याची नोंदही सापडली. म्हणजे व्हिडिओ मधल्या चार दिवसांतलाच. मग मी दुसरी वही काढली. कॉलनीतलं कुटुंब सुट्टीवर जाताना घराची चावी आमच्याकडे ठेवतं आणि कोण, कुठं जातंय ते लिहून सही करतं. मॅनेजरच्या घराची चावी ट्रक येण्याच्या आठवडाभर आधी जमा झाली होती आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी परत गेली होती. दोन्ही ठिकाणी त्यांचीच ठसठशीत सही. ते चार दिवस त्यांची मुलगी मुंबईत होती.

कोचला पुन्हा बोलावलं. या वेळी आवाज चढवला नाही. दोन वह्या उघडून समोर ठेवल्या. त्यानं सावकाश वाचलं आणि चेहऱ्यावर हात फिरवून म्हणाला, "अल्लाचे उपकार. मला सांगायला नको, वहीनंच सांगितलं."

मग तो बोलला. मॅनेजरनी त्याच्याकडे नमुन्यादाखल एक व्हिडिओ मागितला होता. आपल्या मुलीचाही असाच काढून घेऊ, म्हणाले. त्यानं फिटरच्या मुलीचा पेन ड्राइव्हवर दिला. महिन्याभरानं अमेरिकेतल्या कोचबाईंनी त्याला ईमेल पाठवला. या मुलीनं सेट हातातून जात असताना चेंडू आत पडल्याचं स्वतःहून सांगितलं, ती मला हवी आहे, तिच्याबद्दल लिहा. खाली नाव होतं मॅनेजरच्या मुलीचं.

"मला तेव्हाच कळलं, साहेब. उत्तर दिलं नाही. तीन आठवडे ईमेल तसाच ठेवला. माझ्या कराराच्या कागदावर सही त्यांची लागते. घरी तीन लेकरं आहेत. रोज सकाळी त्या पोरीला सर्व्हिस शिकवत होतो आणि तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं."

आता उरली दुसरी मुलगी. तिच्याशी मी तिच्या घरीच बोललो, आईच्या समोर. वडील ऑफिसात होते. मी फक्त एवढंच विचारलं, "त्या कोचबाईंचा तुला फोन आला होता का?"

ती रडायला लागली. "पप्पांनी सगळं पाठवलं. मला माहीत नव्हतं. मग मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, तू स्वतःचा पॉइंट सोडलास ते मला खूप आवडलं." मग ती म्हणाली, "आणि मी थँक यू म्हटलं. अंकल, तेव्हा मला कळलं होतं. तरी मी थँक यू म्हटलं."

आईनं टेबलावरचं पेन उचलून मुलीच्या हातात दिलं. "लिही," ती म्हणाली. "जे घडलं ते लिही. पप्पांशी मी बोलते."

तो जबाब मी अजून विसरलो नाही. अर्धं पान इंग्रजीत, खाली मुलीची सही आणि आईची सही.

अहवाल दिला. कंपनीनं कंपनीच्या पद्धतीनं प्रकरण मिटवलं. फलकावरची सूचना काढून टाकली गेली, मॅनेजरची बदली लांबच्या दुक्म बंदराच्या प्रकल्पावर झाली, पत्रात कारण कामाची गरज असं होतं. कोचनं त्याच दिवशी कोचबाईंना उत्तर लिहिलं. आपल्या मोडक्या इंग्रजीत, तीन आठवडे का गप्प राहिलो तेही लिहिलं. मी म्हटलं होतं की एवढं लिहायची गरज नाही. तो म्हणाला, "पोरीला खरं सांगायला मीच शिकवलं ना?"

कोचबाईंची त्या वर्षीची जागा भरली होती. त्यांनी फिटरच्या मुलीची माफी मागितली आणि पुढच्या वर्षीसाठी पुन्हा अख्खा सेट पाठवायला सांगितलं, या वेळी चेहरा दिसेल असा. मुलगी वर्षभर थांबली. मस्कतला दोन स्पर्धा खेळली, एक हरली, एक जिंकली. पुढच्या वर्षी तिला त्याच कॉलेजात जागा मिळाली.

कोच ते बघायला नव्हता. मॅनेजर गेले तरी त्याच्या कराराचं नूतनीकरण झालं नाही. कोणी नाही म्हटलं नाही, कोणी सहीही केली नाही. त्याला मस्कतच्या बसमध्ये बसवून द्यायला मी गेलो. फिटरही आला होता. मी कोचला म्हणालो, "त्या दिवशी मी तुला नको ते बोललो. चुकलं माझं."

तो हसला. "तुम्ही ओरडलात म्हणून मी जास्तच गप्प झालो, साहेब. घाबरलेल्याला आणखी घाबरवलंत."

तीस वर्षं मी चौकशा केल्या आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गप्प बसणारा माणूस गुन्हेगार असतो असं धरून चालायची मला सवय होती. त्यातही आधी त्यालाच बोलावायची, ज्याच्या पाठीशी कोणी नाही. त्याला आत घेऊन दार लावता येतं. मॅनेजरच्या दारावर मी टकटक केली ती दोन वह्या हातात आल्यावर, आणि तीही ते घरी नसताना. कितीतरी जुनी प्रकरणं त्यानंतर मी मनात पुन्हा उघडली. कुणाकुणाचं गप्प बसणं मी कबुली समजून लिहून घेतलं असेल, याचा हिशेब आता लागणार नाही. आजही कधी नवे अधिकारी सल्ला विचारायला येतात. त्यांना मी एवढंच सांगतो की कोणी बोलत नसेल तर आवाज चढवण्याआधी बघा, तो कोणाला घाबरतोय. पहिली चौकशी तिथं करा.